तिसरी खुर्ची

वीस वर्षं कळंबच्या डाळमिलमध्ये डाळ निवडणाऱ्या जमिलाबी आज पहिल्यांदाच संचालकांच्या बैठकीत खुर्चीवर बसल्या होत्या. संचालक मंडळावर कामगारांतलं कुणीतरी हवंच, अशी एका मोठ्या गिऱ्हाइकाची अट होती. म्हणून मालक अमरसिंहांनी कधी उलटून न बोलणारी बाई निवडली होती. उरलेल्या दोन खुर्च्यांवर ते स्वतः आणि त्यांच्या आई मथुराबाई.

"निवडणीचं मशीन येतंय. पुढच्या महिन्यापासून चाळीस बाया कमी करायच्या. मंजूर?" अमरसिंहांनी हात वर केला. मथुराबाईंचाही हात सवयीनं वर गेला.

जमिलाबींचे हात मांडीवरच राहिले.

"तुमचं काम पक्कं हाय, चाची. करा हात वर."

"मशीन आणा, मालक." जमिलाबी म्हणाल्या. "पर बायांना ते चालवायला शिकवा. घरी नका बसवू. निम्म्या घरांत दुसरं कमावणारं कुणी न्हाय."

"बरं. दोन विरुद्ध एक. ठराव मंजूर," म्हणत अमरसिंह लिहायला वाकले.



मथुराबाईंनी हात सावकाश खाली घेतला.

"पुन्हा मोज, अमर. विरोधात आमी दोघी झालो."