पडद्यावरचं पोट

"जेवण जातं का गं पोरी?" गावच्या वैद्यांचा तो मऊ आवाज फुलवंताला अजून आठवत होता. आता असं कुणी विचारत नसे. घरी कॅमेऱ्याची गोळी गिळायची, ती महिनाभर पोटात राहून चित्रं पाठवायची आणि दवाखान्यात डॉक्टर पडद्याशीच बोलायचे.

"हे जठर बघा, केळीच्या कोवळ्या पानासारखं!" नव्या औषधाच्या संशोधनाचे प्रमुख डॉ. टिपणीस म्हणाले. "आमच्या इंजेक्शनांनी जखम बुजली. बाई, आजपासून तुमची इंजेक्शनं बंद."

"पण साहेब, घास छातीत अडकतो. पेजसुद्धा..."

"पोट खरं सांगतं. पेशंट नुसतं रडगाणं गातात," ते मान न वळवता म्हणाले. भोवतीचे शिकाऊ डॉक्टर हसले. फुलवंता इतकी सुकली होती, की मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या. त्या विद्वानाला तेवढंही दिसलं नाही.

गोळी न घेणाऱ्याचं नाव औषध मिळणाऱ्यांच्या यादीतून काढतात, म्हणून ती तीन महिने गप्प होती. पण इंजेक्शनं थांबली तर आपण जगत नाही, हे तिला कळत होतं.

"ते पोट माझं नाही, साहेब," ती म्हणाली. "मला गोळी गिळताच येईना. दर महिन्याला ती माझ्या जावेनं घेतली."