राजाच्या महालातली बादली

"धर्मपाल, घुमट कलला!" नानाजी मंडपाच्या मधोमध उभे राहून ओरडले, आणि खांबाशी बसलेल्या सत्यशीलानं, धर्मपालच्या बायकोनं, दचकून वर पाहिलं.

नेरच्या दुर्गोत्सव मंडळानं यंदा लंडनचा केन्सिंग्टन राजवाडा उभा केला होता. उभा केला म्हणजे बांबू, प्लायवूड आणि कापडच; पण थाट असा, की यवतमाळच्या मंडळांनी तोंडात बोटं घालावीत. नक्षीदार खांब, कोनाड्यांत सोनेरी पुतळे, जिन्याच्या भिंतीवर कठड्याआडून डोकावणारे राजाचे नोकरचाकर. देवीकडचं काम दुसऱ्यांचं होतं. महाल मात्र सगळा पेंटर धर्मपालचा. त्यातही कस लागला तो छतावरच्या घुमटात. खऱ्या महालातही तो घुमट बराचसा रंगाचाच खेळ आहे म्हणतात. इथं तर कापड सपाट ताणलेलं, त्यावर चौकटीत चौकट, निळ्यावर सोनेरी, मधोमध चांदणी. खालच्या माणसाला वाटलं पाहिजे, की वर कबूतर शिरलं तर त्याला बाहेरची वाट सापडायची नाही!

आणि संध्याकाळी उद्घाटन, तर दुपारी मंडळाच्या अध्यक्षांना, म्हणजे नानाजींना, तोच घुमट वाऱ्यानं कलंडलेल्या छत्रीसारखा दिसत होता.

परांची सकाळीच उतरवली होती. धर्मपाल पहिल्यांदाच मधोमध येऊन उभा राहिला. त्यानं वर पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"काय झालं हे?" नानाजी म्हणाले. "बाहेरगावचे पाहुणे येऊन राह्यले. हसतीन न लोकं! कपिल, पांढरी झालर आण अन् झाकून टाक सारं. पुढच्या साली आपण अमरावतीचा पेंटर पाहू."

बाजूच्या खांबाशी बसलेल्या बायकोकडे धर्मपालनं एकदा पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. सत्यशीलाला कळायचं ते कळलं. दोघांची कामाची रीतच तशी होती. परांचीवर उताणं पडलेल्या माणसाच्या नाकाशी कापड. त्याला काय कप्पाळ दिसणार? तो वरून रेघ ओढायचा, ती खालून सांगायची. थोडं इकडं, अजून, हां, बस्स. राळेगावपासून उमरखेडपर्यंतच्या भिंती अशाच रंगल्या होत्या. हात त्याचा, डोळा तिचा. पण या पावसाळ्यात तिचा गुडघा गेला. मधोमध उभं राहवेना, म्हणून ती पंख्याजवळ, खांबाशी, रंगाची रिकामी बादली पालथी घालून बसली आणि तिथून सरळ दिसेल तसं सांगत गेली. त्यानं ऐकलं तसं रंगवलं.

चूक तिची होती, आणि हा बुवा मुकाट्यानं स्वतःच्या अंगावर घेत होता. तिला भरून आलं. राग पण आला. इतक्या वर्षांचं नाव जाऊन राह्यलं आणि हा तोंडाला कुलूप लावून उभा!

"नानाजी," ती बसल्या जागेवरूनच म्हणाली, "चूक माही हाय."

"तुमची? तुम्ही कुठं चढल्या वर?"

"वर नाई चढली. इथं बसली, म्हणून झाली. या न जी इकडं. बसा."

खांबाला धरून ती कशीबशी उठली. नानाजींनी बादलीकडे पाहिलं. मग मधोमध ठेवलेल्या लाल मखमलीच्या सिंहासनाकडे पाहिलं. ते खास फोटोसाठी आणलं होतं आणि पहिला फोटो त्यांचाच ठरला होता.

"बादलीवर बसू मी?"

"रंग वाळला हाय. लागत नाई."

झालर घेऊन मंडळाचा कार्यकर्ता कपिल शिडीवर थांबला. कोणी हसायच्या बेतात होतं. नानाजी धोतर सावरत, कुरकुरत, एकदाचे बसले आणि त्यांनी मान वर केली.

"अबे बापा!"

मागं झुकता झुकता त्यांची टोपी पडली, तरी उचलायचं भान नव्हतं. सपाट कापड गेलं होतं. चौकटी एकीवर एक चढत उंच निघाल्या होत्या आणि चांदणी पार वर, हाताला लागणार नाही अशी बसली होती. नानाजींनी मान इकडे केली, तिकडे केली. घुमट जागचा हलेना.

"कपिल," ते वर पाहतच म्हणाले, "खाली उतर. झालर ठेवून दे."

धर्मपालनं डोळे पुसले. रंग गेला म्हणाला डोळ्यात.

संध्याकाळी महाल पाहायला सारं नेर लोटलं. मखमलीचं सिंहासन रिकामंच राहिलं. रांग लागली ती खांबाजवळच्या बादलीला. म्हाताऱ्या बसल्या, पोरं बसली, बाहेरगावचे पाहुणेही बसले. गर्दी ओसरल्यावर नानाजी बायकोला, विमलताईंना, घेऊन पुन्हा आले. तिला दाखवून झालं तरी त्यांचं मन भरेना. ती उठल्यावर ते स्वतःच बसले, ते बसलेच.

तेवढ्यात लंगडत सत्यशीला आली. दुपारपासून उभं राहून गुडघा ठणकत होता, आणि पुरा झालेला घुमट अजून तिनं निवांत पाहिला नव्हता.

"अरे, सत्यशीलाबाईले खुर्ची द्या रे," नानाजी बसल्या बसल्या म्हणाले. "ते राजाची द्या, मखमलीची."

"राहू द्या जी," ती म्हणाली. "तिथून घुमट कलते. उठा आता तुम्ही. माही जागा व्हय ते."

विमलताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नानाजी उठले, आणि उठता उठता त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं बादली पुसली.