‘गो’चा भूतकाळ

सरांनी ‘वेंट’ टाइप केलं आणि तिने पडद्यावर बोट ठेवलं.

“हे काय लिहिलंत? जाणं म्हणजे तर ‘गो’ ना?”

बाई शिवणकाम करणारी. इंग्रजी सातवीपर्यंतचं, तेही तीस वर्षांपूर्वीचं. पण नजर सुईत दोरा ओवणारी. तिचा नवरा मालवाहू बोटीवर आचारी होता. सात वर्षांपूर्वी एका परक्या बंदरातून बोट सुटली आणि दुसऱ्या दिवशी हजेरी घेतली तेव्हा तो बोटीवर नव्हता. कंपनीने कागदावर ‘पळून गेला’ असं लिहून टाकलं. आता इतक्या वर्षांनी फाइल पुन्हा उघडली होती आणि बायकोचा जबाब इंग्रजीत मागवला होता. तो पटला तर ‘समुद्रात बेपत्ता, मृत’ अशी नोंद होणार होती. नाहीतर पळपुटा तो पळपुटाच राहणार होता. म्हणून धाकटा दीर तिला सरांच्या जिन्याखालच्या खोलीत घेऊन आला होता. शाळेतून निवृत्त झाल्यापासून सर तिथे बसून लोकांचे कागद इंग्रजीत करून देत.

तिच्या प्रश्नाने सरांना बरं वाटलं. कित्येक वर्षांत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. लोक कागद घेत आणि चालू लागत. ते सावरून बसले. म्हणाले, ‘गो’ला स्वतःचा भूतकाळ नाही. फार पूर्वी होता, पण तो कुठेतरी हरवला. ‘वेंड’ नावाचं दुसरंच एक क्रियापद होतं. त्याचा अर्थ वळणं, वाट धरणं. ‘वेंट’ हा खरा त्याचा भूतकाळ. ‘गो’ने तो उचलला तो उचललाच.

दिराने घड्याळाकडे पाहिलं. त्याला कामावर पोचायचं होतं.

“आपलंही तसंच आहे की,” ती म्हणाली. “जातो, जाईल, जाणार. आणि मग एकदम गेला. ‘जाला’ कुठे म्हणतो आपण?”

अडतीस वर्षं सरांनी मुलांकडून ‘गो, वेंट, गॉन’ घोकून घेतलं होतं, पण स्वतःच्या तोंडातला ‘गेला’ कधी उलटसुलट करून पाहिला नव्हता. चार वर्षांपूर्वी बायको वारली तेव्हा फोनवर पन्नास जणांना ‘ती गेली’ म्हणून सांगितलं, तेव्हाही नाही.

“राहू दे ते वेंट,” ती म्हणाली. “गेले, हे खरंच आहे.”

दिराने चमकून वर पाहिलं. वहिनीच्या तोंडून दादाबद्दल हा शब्द तो पहिल्यांदाच ऐकत होता. घरात आजवर ‘ते बोटीवर आहेत’ एवढंच चालत आलं होतं.

मग कंपनीच्या कागदावरचा शेवटचा प्रश्न आला. अखेरच्या बोलण्यात नवऱ्याचे नेमके शब्द काय होते?

बंदरावरून फोन आला होता, ती सांगू लागली. मशीनचा पट्टा बदललास का, असं आधी विचारलं. मग म्हणाले, इकडच्या कांद्याला चव नाही, नुसता डोळ्यांना त्रास. तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारली. “येतो, म्हणाले. आणि ठेवला.”

सरांनी टाइप केलं आणि वाचून दाखवलं, “आय ॲम गोइंग.”

“हे ‘जातो’ झालं.”

सरांनी समजावलं की निघणारा माणूस इंग्रजीत असंच म्हणतो, त्यात वाईट काही नाही. दीरही म्हणाला की सरांचं बरोबर आहे.

“भाऊजी, आपल्यात निघताना ‘जातो’ कोण म्हणतं? ज्याला परत यायचं नाही तो. हे असं लिहून पाठवलं तर कंपनीचंच खरं होईल.”

सरांनी ओळ खोडली. थोडा विचार करून दुसरी लिहिली, ‘आय विल कम बॅक.’ म्हणजे मी परत येईन, असं त्यांनी तिला सांगितलं. दिराने सुटकेचा निःश्वास टाकला. ती मात्र पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत बसून राहिली.

“परत, असं म्हणाले नव्हते,” ती शेवटी म्हणाली. “येईन, असंही नाही. सर, येईन म्हणणारा अजून बसलेला असतो. येतो म्हणणारा निघालेला असतो.”

सरांनी ‘आय ॲम कमिंग’ असं लिहिलं, दोन प्रती छापल्या आणि सही कुठे करायची ते दाखवलं. त्या जागेखाली इंग्रजीत ‘मृताची पत्नी’ असं छापलेलं होतं. त्याचा अर्थ तिने विचारला नाही. एकेक अक्षर टाचल्यासारखं दाबून तिने दोन्हीकडे सही केली.

दीर उभ्याउभ्याच कागद वाचत होता. त्या ओळीपाशी तो थांबला.

“वहिनी, हे वाचून तिथल्या साहेबाला वाटेल, दादा आत्ता दारात येऊन उभा राहील.”

ती पेनाला टोपण लावत होती.

“वाटू दे,” ती म्हणाली. “सात वर्षं मी एकटीनेच वाट बघितली. घटकाभर त्यांनाही बघू दे.”