निळं झाकण

जवळ सरकून बसा, मायबापहो, मुकुटबनाकडच्या एका अंगणवाडीची गोष्ट सांगतो. सजावटीला पैसा नव्हता. मदतनीस इंदूबाईंनी वावरात पडलेल्या फवारणीच्या बाटल्यांची रंगीत झाकणं लेकरांच्या आयांकडून मागवली, साबणानं तीनदा धुतली आणि तोरण ओवलं. "मावशी, लगनघर वाटून राह्यलं!" उर्वशीची आई हसली; निळं झाकण तिनंच दिलं होतं. त्याच्या आट्यांत विष उरलं होतं. तीन वर्षांच्या उर्वशीनं तेच तोडून चोखलं आणि दवाखान्याच्या वाटेतच लेकरू गेलं. आठवड्यानं आई आली तेव्हा इंदूबाई तोरण उसवत होत्या. "मावशी, खरं सांगा, तिच्या तोंडात माहं निळं झाकण तं नव्हतं?" इंदूबाईंनी ते पदराआड मुठीत आवळलं. "नाही वं माय. लाल होतं. मीच आणलेलं." आई त्यांच्या तोंडावर थुंकली. इंदूबाईंनी मूठ उघडली नाही. मायबापहो, हरिनाम घेताना त्या इंदूबाईंना आठवा.