आल्या आल्या निरोप

वारल्यानंतरही सुशीलाबाई रोज संध्याकाळी भिंतीवरच्या पडद्यावर येत आणि लेकाच्या पोटापासून पगारापर्यंत चौकशी करत. चौकशी लांबली की श्रीरंग हळूच राउटरची वायर उपटी आणि बायकोला ऐकू जाईल अशा बेताने म्हणे, "गेलं बुवा नेट."

आज नेट कंपनीचा माणूस सगळं तपासून गेला.

"लाइन ठणठणीत आहे म्हणाला," बायको म्हणाली. "वायर कुणीतरी हातानं काढतंय म्हणे. सांगा आता आईंना."

श्रीरंग सांगणार, तोच पडदा उजळला.

"श्री, बिघाड माझ्यातच असेल रे," आई म्हणाली. "बोलता बोलता तुटतं आणि निरोप घ्यायचा राहतो. म्हणून आता आल्या आल्याच सांगून ठेवते. येते हं, बाळा. हां, आता बोल, जेवलास?"