चिंतेचे कारण नाही

‘घातपात’ हा शब्द मंत्रीसाहेबांना फारच आवडला. त्यांनी तो दोनदा मोठ्यानं उच्चारून पाहिला. मग प्रसिद्धी अधिकाऱ्याकडे असं कौतुकानं बघितलं, जणू देशभरची वीज या एका शब्दासाठीच गेली होती.

मुख्य अभियंता खुर्चीच्या टोकावर अवघडून बसला होता. “साहेब, घातपात वगैरे काही नाही. काल आपणच पत्रक काढलं, ‘वीजपुरवठा सुरळीत आहे, चिंतेचे कारण नाही.’ ते ऐकलं आणि लोकांची खात्रीच पटली की वीज जाणार. सगळ्यांनी एकदम पंप लावले, टाक्या भरल्या, इस्त्र्या उरकून घेतल्या. एवढा भार एकाच वेळी आला आणि ग्रिड कोलमडली.”

“म्हणजे जनतेनंच घातपात केला,” मंत्रीसाहेब म्हणाले. “आता जनतेला अटक कशी करायची?”

अभियंत्याला वेगळाच घोर लागला होता. पुरवठा नुकता कसाबसा सुरू झाला होता. आज संध्याकाळी लोकांनी पुन्हा तोच उद्योग केला, तर ग्रिड परत झोपणार होती आणि रुग्णालयांतल्या जनरेटरचं डिझेल कालच संपत आलं होतं. काहीही करून लोकांना वीज जपून वापरायला सांगा, असं तो काकुळतीला येऊन म्हणाला.

प्रसिद्धी अधिकारी बाहेरच्या व्हरांड्यात गेला आणि त्यानं घरी फोन लावला. ही त्याची जुनी खोड. कुठलंही पत्रक काढण्याआधी तो ते बाबांवर चालवून बघायचा. बाबा म्हणजे एकटेच अख्खी जनता होते. आज सोमवार आहे असं सरकारनं सांगितलं, तरी ते उठून कॅलेंडर बघून यायचे. ही पत्रकं आपलाच मुलगा लिहितो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते सांगायचा मुलाला कधी धीरच झाला नाही. पोरगा वीजखात्यात फायली सरकवतो, एवढीच त्यांची समजूत. या जगात त्या एकाच माणसावर त्यांचा डोळे झाकून विश्वास होता. आणि त्या माणसाला दिवसभर खोटं लिहून घरी परतताना तेवढाच एक आधार वाटायचा.

“बाबा, सरकार म्हणतंय, वीज जपून वापरा.”

“म्हणजे जाणार! सूनबाई, पंप लाव! मोबाईल चार्जिंगला लाव सगळ्यांचे!”

“थांबा, थांबा. आता निराळंच सांगतायत. वीज भरपूर आहे म्हणे. संध्याकाळी हवी तेवढी वापरा.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“यात काहीतरी काळंबेरं आहे,” बाबा आवाज खाली आणून म्हणाले. “सूनबाई, मेन स्विच बंद कर. हो, फ्रीजसकट.”

तेच पत्रक निघालं. ‘प्रत्येक नागरिकाने आज संध्याकाळी सर्व उपकरणे निर्धास्त चालू ठेवावीत.’ संध्याकाळ झाली आणि शहरंच्या शहरं आपणहून अंधारात बसली. आपली उपकरणं जाळायचा डाव आहे, असं लोक जिन्यांत एकमेकांना बजावत होते आणि एकमेकांच्या घरात दिवा तर नाही ना, ते डोकावून बघत होते. भाराचा आकडा भराभर खाली आला. ग्रिड तरली. अभियंत्यानं नियंत्रण कक्षातच प्रसिद्धी अधिकाऱ्याला मिठी मारली.

पण चौकशी समिती नेमून झाली होती, आणि समिती नेमली की तिला घातपाती लागतो. तो मिळाला नाही, तर ती शोधत शोधत पहिल्या पत्रकापाशी पोचणार होती. त्या पत्रकाला मंजुरी मंत्रीसाहेबांची होती.

त्यांनी प्रसिद्धी अधिकाऱ्याला बोलावलं, दार लावून घेतलं आणि स्वतःच्या हातानं चहा ओतला. तिथेच त्याला धोका कळायला हवा होता.

“एक कबुली लिहून दे. घातपात मी केला म्हणून. तुझ्या हातानं, खाली तुझी सही.”

“साहेब, लोक मला फाडून खातील!”

“अरे, आपण सांगितलेलं आजवर कुणाला पटलंय? दोन दिवस आत राहा, मग पुराव्याअभावी बाहेर. वर बढती.”

त्यानं विचार केला. साहेबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्याचा पुरावा सगळ्या देशानं अंधारात बसून दिला होता. मग त्यानं बैठक मारून झकास कबुली लिहिली. लोभ, गद्दारी, पश्चात्ताप, सगळं जागच्या जागी. लिहिताना त्याचे स्वतःचे डोळेसुद्धा पाणावले.

आणि झालंही अगदी तसंच. कबुली जशीच्या तशी सहीसकट छापून आली आणि जनता खवळली ती सरकारवर. ‘बळीचा बकरा सोडा’ असे फलक झळकले. तो सुटला, तेव्हा लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन गल्लीपर्यंत आणलं. कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं तर जन्मभर फुकट दाढी करायचं वचन दिलं.

दार बायकोनं उघडलं. ती नुसती बाजूला झाली. बाबा वर्तमानपत्र मांडीवर घेऊन बसले होते. त्यांचे डोळे सुजले होते.

“बाबा, अहो, असं काय करता?” तो हसत म्हणाला. “सगळा देश म्हणतोय हे खोटं आहे. तुम्ही कधीपासून सरकारवर विश्वास ठेवायला लागलात?”

“सरकारवर माझा काडीचा विश्वास नाही,” बाबा म्हणाले. त्यांनी सहीवर बोट ठेवलं. “पण हे तू लिहिलंयस. आणि माझा मुलगा खोटं लिहीत नाही.”