मिश्र पीक

डॉक्टरीणबाईंनी शेतकऱ्याच्या दंडावरचा पट्टा सोडला, पुन्हा गुंडाळला, पुन्हा फुगवला. रक्तदाबाचा आकडा काही खाली यायला तयार नव्हता.

"काका, गोळी घेताय ना नियमित?"

"म्हणजे काय! एकदम नियमित," शेतकरी छाती काढून म्हणाला.

शेजारी त्याची बायको बसली होती. तिने मांडीवरची पिशवी उचलून खाली ठेवली. भांडायचं असलं की ती आधी हात मोकळे करते.

"अहो, कसं नियमित ते सांगा की बाईंना. का मी सांगू?"

गडी ओशाळेल तर शपथ. उलट खुललाच. "बाई, आम्ही शेतकरी माणसं. सगळं रान एकाच पिकाखाली कधी घालत नाही. थोडा मका, थोडा कांदा, बांधाला भोपळा. एक बुडालं तर दुसरं तारतं. तीच रीत औषधाला लावली. एक दिवस तुमची गोळी, एक दिवस मेहुण्याने दिलेली झाडपाल्याची पावडर, एक दिवस लसूण."

"आणि मग?"

"मग एक दिवस पडीक. विसावा नको का द्यायला?"

डॉक्टरीणबाई वयाने त्याच्या लेकीएवढ्या. ओठ घट्ट दाबून धरले, तरी हसू फुटलंच. शेतकऱ्याला वाटलं, चला, आपली अक्कल कुणाला तरी पटली.

"डोकं भारी आहे हं काका. जमिनीचे तुकडे किती तुमचे?"

"चार."

"आणि हृदयं?"

"ते... एकच."

"मग त्या एकात एवढी पिकं कशी घेता? दाब असाच राहिला तर एक दिवस डोक्यातली शीर फुटेल. अर्धं अंग लुळं पडेल." हे सांगताना मात्र बाई हसत नव्हत्या.

शेतकऱ्याने छताकडे पाहिलं. पण हार मानेल तो हा कसला! "तुमचं खरं. पण सगळी भिस्त एका गोळीवर ठेवायची म्हणजे जोखीमच की. समजा, नाहीच लागू पडली?"

"तर मी ती बदलेन. पण रोज घेतलीत तरच कळणार ना, लागू पडते की नाही ते?"

"जोखीम म्हणे!" बायको उसळली. "जोखीम मला विचारा. लग्न झाल्यापासून माझं सगळं रान एकाच पिकाखाली आहे. आणि पीक तरी कसलं, तर हे असलं आडमुठं!"

बोलता बोलता तिचा आवाज चढला आणि शेवटी चक्क कापला. तिने घाईघाईने पिशवी पुन्हा मांडीवर घेतली.

शेतकऱ्याने तिच्याकडे पाहिलं. मग त्याने घसा खाकरला आणि खुर्ची टेबलाजवळ सरकवली.

"बाई, ही गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर?"